हवामान बदल आणि आरोग्य धोरण यांवरील चर्चा ग्रामसभेत कशी घडवावी

विदर्भातील गावांत हवामान बदलाचा विषय निघाला की बोलणे बहुधा झाडे लावण्याच्या आवाहनावर संपते, नाहीतर मोठ्या देशांनी काय करायला हवे यावर वाद घालण्यात संध्याकाळ निघून जाते. तेंदूपत्ता तोडताना, वीटभट्टीवर किंवा पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटताना भोवळ येऊन पडलेल्या मजुराला किती वेळात, कुठे आणि कोणता उपचार मिळावा, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. ज्यांना हा प्रश्न आपल्या ग्रामसभेत मांडायचा आहे आणि त्यातून एखादा अंमलात येणारा ठराव करून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

पहिली गोष्ट म्हणजे विषय लहान करावा. ‘हवामान बदलावर चर्चा’ असा विषय कार्यसूचीत घातला तर सभेला त्यावर ठरवण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी ‘मार्च ते जून या काळात उष्माघातापासून गावाचे रक्षण आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील उपचारांची व्यवस्था’ असा विषय द्यावा. डेंग्यू, हिवताप, अवकाळी पाऊस, पिण्याच्या पाण्याची टंचाई हेही हवामानाशी निगडित आरोग्याचे प्रश्न आहेत आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवतापाचा प्रश्न उन्हाइतकाच तातडीचा असू शकतो. तरीही एका सभेत एकच प्रश्न घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. ऊन हा विषय निवडण्याचे कारण असे की त्याचा अनुभव सभेतील प्रत्येकाला आहे आणि त्यातले मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळता येतात.

गावाची स्वतःची नोंद

चर्चेचा पाया गावाने स्वतः ठेवलेली नोंद हाच असावा. वर्तमानपत्रातील कात्रणांवर उभी असलेली मागणी पंचायत समितीच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

तापमानाची नोंद सोपी आहे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र रोज कमाल आणि किमान तापमान जाहीर करते. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा अधिक असून ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते. पारा ४५ अंशांवर गेला तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते आणि ४७ अंशांवर ती तीव्र ठरते. आपल्याकडे लोक कमाल आकडा सांगतात, पण किमान आकडा दुर्लक्षित राहतो. रात्री शरीराला थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे तेच ऊन अधिक घातक ठरते. म्हणून वहीत दोन्ही आकडे लिहावेत. टिनाच्या छताखालील घरातले तापमान केंद्राच्या आकड्यापेक्षा वेगळे असते, त्यामुळे दोन-तीन घरांत साधा तापमापक टांगून रात्री नऊ वाजताचा आकडा लिहून ठेवला तर सभेत त्याचा फार उपयोग होतो.

आजाराची नोंद अवघड आहे आणि तिथेच खरे काम आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याला झटके येतात किंवा तो बेशुद्ध पडतो. परंतु असा माणूस घरीच दगावला किंवा दवाखान्यात पोचेपर्यंत अंग थंड झाले, तर कागदावर हृदयविकार, ताप किंवा अशक्तपणा असे कारण येते. आधीच हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांचा मृत्यू उन्हाने ओढवला, तरी तो उन्हाच्या खात्यात मोजला जात नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेनंतर संशोधकांनी त्या महिन्यातील सर्व कारणांचे एकूण मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा सुमारे १,३४४ मृत्यू जास्तीचे आढळले. त्या अनुभवातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि पुढे इतर शहरांनीही तो मार्ग धरला.

हीच पद्धत आपणही वापरू शकतो, कारण मृत्यूची नोंदवही ग्रामपंचायतीतच असते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. दोन हजार वस्तीच्या गावात मे महिन्यात एक-दोन मृत्यू कमी-जास्त झाले तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तसा दावा केला तर जाणकार माणूस तो लगेच खोडून काढेल आणि मग आपले खरे मुद्देही कोणी ऐकणार नाही. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३०,००० लोकसंख्या असते, आदिवासी भागात ती २०,००० धरतात. त्या केंद्राखालील सर्व गावांची मागील पाच वर्षांची एप्रिल, मे, जूनची नोंद एकत्र केली तर बोलण्यासारखे काही हाती येते. आकडे मागूनही मिळत नसतील तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

मृत्यूंखेरीज जे वाचले त्यांची नोंद आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या मदतीने करावी: वय, काम, भोवळ आली ती वेळ, जागा, दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ. पूर्व विदर्भात सिकलसेलच्या रुग्णांचा वेगळा विचार करावा. अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या वेदनांचा झटका उफाळतो आणि उन्हाळ्यात तो धोका वाढतो. पण सभेत कोणाचेही नाव वाचू नये. सिकलसेल असल्याचे चारचौघांत कळले तर मुलीचे लग्न अडते, हे आपल्या भागातले कटू वास्तव आहे आणि आपल्या चर्चेने त्यात भर पडता कामा नये.

गावकऱ्यांनी ठेवलेल्या नोंदीला वजन नसते, असे कोणी म्हणाल्यास गडचिरोलीचे उदाहरण द्यावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशांकडे आले.

सभेपूर्वीचा अभ्यास

नोंद तयार झाली की थेट सभेत जाऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने अभ्यासगट आणि निर्णयाची ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, हे त्यांच्या सर्वसहमतीच्या पद्धतीचे एक मोठे बळ आहे. अभ्यासगटात कोणालाही शंका विचारता येते, चुकता येते, मत बदलता येते, कारण तिथे निर्णय घ्यायचा नसतो. अशा बैठका संध्याकाळी पारावर किंवा शाळेत घ्याव्यात आणि एखाद्या बैठकीला आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांना बोलवावे. उन्हात राबणारे मजूर दिवसा येऊ शकत नाहीत आणि त्यांच्यावाचून झालेली चर्चा अपुरीच राहते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती अनेक ठिकाणी केवळ सह्यांपुरती उरली आहे, ती खरोखर भरवावी. विहिरीचे पाणी, चुलीजवळची दुपार, गरोदर बाईचे शेतातले काम या बाबी पुरुषांच्या बोलण्यात येतच नाहीत.

मागणी कोणाकडे, हे आधी ठरवावे

मागणीबरोबर ती पूर्ण करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचे नाव लिहिले पाहिजे. अन्यथा सरपंच ‘हे आमच्या हातात नाही’ म्हणतात आणि ते खरेही असते.

गावाच्या हातात बरेच आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला साधारण १०,००० रुपयांपर्यंत अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी मिळतो. त्यातून क्षारसंजीवनीची पाकिटे, पाण्याचे रांजण आणि तापमापक घेण्याचा प्रस्ताव ठेवता येतो. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार ही मजुरांवरची मेहेरबानी नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. कामाची वेळ पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवावी, हा ठराव शेतमालक आणि मजूर यांनी एकत्र बसून करावा. त्यात मजुरी कापली जाणार नाही असे स्पष्ट लिहावे, कारण मजुरी कापली तर मजूर दुपारीही कामावर जाईल.

प्राथमिक आरोग्य केंद्राकडे उष्माघात कक्षाची मागणी करावी, पण पाटी लावलेल्या रिकाम्या खोलीवर समाधान मानू नये. उष्माघातात शरीर लवकरात लवकर थंड करणे हाच मुख्य उपचार आहे. आधी थंड करावे आणि मग मोठ्या रुग्णालयात हलवावे. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणे धोक्याचे असते. त्यामुळे कक्षात पाणी, बर्फ, पंखा किंवा कूलर, सलाईन आणि भारनियमनातही चालेल अशी वीज आहे का, हे प्रश्न विचारावेत. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर पाणी शिंपडून वारा घातल्याने शरीर चांगले थंड होते. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की तो उपाय तितका चालत नाही आणि बर्फाची गरज वाढते. राष्ट्रीय हवामान बदल व मानवी आरोग्य कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि त्याखाली १ मार्च ते ३१ जुलै या काळात आरोग्य संस्थांनी उष्णतेच्या आजारांची नोंद पाठवायची असते. आपल्या केंद्राने मागील उन्हाळ्यात किती रुग्ण कळवले, हा प्रश्न नम्रपणे पण लेखी विचारावा.

राज्य आणि केंद्र सरकारकडची मागणी वेगळ्या ठरावात घ्यावी. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ साठी, आपत्ती निधीतून मदत मिळणाऱ्या आपत्तींच्या राष्ट्रीय यादीत थंडीची लाट होती, पण उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना निधीचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा होती आणि तेलंगणाने २०२५ मध्ये उष्णतेची लाट राज्याची आपत्ती म्हणून जाहीर करून मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपयांची मदत ठरवली. विदर्भातल्या मजुराच्या कुटुंबाला तीच दाद मागण्याचा नैतिक अधिकार आहे, असे मला वाटते. त्याला घटनात्मक आधारही आहे: मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये असल्याचे मान्य केले.

आक्षेपांना उत्तर देताना

‘ऊन तर आमच्या आजोबांच्या काळातही होते’ असे एखादे वडीलधारे म्हणतील. त्यांना खोडून काढू नये, कारण विदर्भ पूर्वीपासून उष्णच आहे. त्याऐवजी त्यांनाच विचारावे की अंगणात बाजेवर झोपल्यावर पूर्वी किती वाजता गारवा येई, ऊन कधी तापायला लागे, नवतपाखेरीज असे दिवस किती असत. १८५० ते १९०० च्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढले, एवढे सांगणे पुरे. अमुक दिवशीचे ऊन हवामान बदलामुळेच पडले, असा दावा करू नये. अशा दिवसांची संख्या आणि तीव्रता वाढते, एवढेच नेमके आणि खरे आहे.

‘धूर दुसऱ्यांनी केला, भोगायचे आम्ही का’ हा आक्षेप रास्त आहे आणि तो तसाच मान्य करावा. आरोग्य केंद्राची मागणी त्यामुळे कमकुवत होत नाही, उलट बळकट होते. चंद्रपूर, वणी, कोराडी या भागांत कोळसा आणि वीजनिर्मिती हा अनेक घरांच्या भाकरीचा प्रश्न आहे. तिथे या सभेत खाण बंद की चालू असा वाद ओढवून घेऊ नये. प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार होणारी जनसुनावणी हे त्याचे योग्य व्यासपीठ आहे आणि तिची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते.

‘सर्वांकडे योजनेचे कार्ड आहे, मग आरोग्य केंद्रावर खर्च कशाला’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि ते मोलाचे आहे. पण ती योजना मुख्यतः नोंदणीकृत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. उष्माघाताचा पहिला अर्धा तास शेतात, उपकेंद्रात आणि रुग्णवाहिकेच्या वाटेवर जातो, तिथे कार्ड काही करू शकत नाही.

ठराव आणि पाठपुरावा

नियमित ग्रामसभेची सूचना किमान सात दिवस आधी निघते, म्हणून विषय त्याआधीच लेखी देऊन पोच घ्यावी. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण मोजक्याच लोकांत झालेल्या ठरावाला वरच्या कार्यालयात मान मिळत नाही. २ ऑक्टोबरची सभा सर्वांत सोयीची, कारण त्याच सुमारास पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. उन्हापासून संरक्षणाची कामे या आराखड्यातील ‘स्वच्छ व हरित गाव’ या संकल्पनेत टाकण्याची प्रथा आहे. ती ‘आरोग्यदायी गाव’ या संकल्पनेतही नोंदवून घ्यावीत, नाहीतर सगळा पैसा वृक्षारोपणाकडे वळतो.

ठरावात काम, जबाबदार अधिकारी आणि मुदत या तिन्ही गोष्टी असाव्यात. सभा संपल्यावर इतिवृत्ताची नक्कल मिळवून तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात द्यावी आणि आवक क्रमांक वहीत लिहावा. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते; त्याआधी आसपासच्या गावांचे सारखेच ठराव एकत्र करून आमदारांना दिले तर सभागृहात प्रश्न विचारला जाण्याची शक्यता वाढते. फेब्रुवारीच्या अखेरीस गावातील चार-पाच जणांनी आरोग्य केंद्रात जाऊन कक्ष, बर्फ, वीज आणि रुग्णवाहिका प्रत्यक्ष पाहून यावे, आणि १ मार्चपासून नव्या वहीत पहिला आकडा लिहायला सुरुवात करावी.