मोठ्या रीफ टँकचं प्लंबिंग: पंप सगळ्यात शेवटी घ्या

मोठा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांची टाकी, करायचा ठरला की बहुतेक जण आधी पंप आणतात आणि मग त्याला जमतील तसे पाइप जोडत बसतात. क्रम उलटा हवा. पाणी टाकीतून खाली कसं उतरेल ते आधी ठरवा, मग ते कोणत्या पाइपातून वर जाईल ते, आणि या सगळ्याला पुरेल असा पंप शेवटी घ्या. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: आत्ता लाइट गेले तर हे पाणी कुठे जाईल? पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात आणि वळवाच्या पावसात ती कधीही जाते, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहिलेलं हवं.

हिशोबासाठी एक टाकी धरू: लांबी 180 सेंमी, रुंदी 75, उंची 60. म्हणजे सहा फुटी, काठोकाठ 810 लिटरची. खाली स्टँडमध्ये 120 × 50 × 40 सेंमीचा संप, म्हणजे गाळणी आणि पंप ठेवायची दुसरी टाकी.

जागा आणि जीव

काच, दगड, स्टँड आणि संप धरून हे वजन एक टनाच्या वर जातं. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलोच्या वापराचा भार धरून आखलेला असतो. ही टाकी सव्वा-दीड चौरस मीटरवर त्याच्या कितीतरी पट भार टाकते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नका.

दुसरी गोष्ट प्रवाळांची. कठीण, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे इथली आखणी लेदर, झोअँथस आणि मश्रूम या मऊ प्रवाळांसाठी केली आहे. हे जीव जागचे हलत नाहीत. प्राणवायू, अन्न आणि अंगावरचा मळ धुऊन नेणं, तिन्ही कामं त्यांच्यासाठी वाहतं पाणी करतं. लेदर कोरल अधूनमधून अंगावरची मेणचट साय टाकतो. प्रवाह कमी पडला तर ती तिथेच चिकटून राहते आणि खाली सडायला सुरुवात होते.

पाणी खाली उतरण्याची वाट

ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, म्हणजे टाकीतलं वरचं पाणी ज्यात ओसंडून पडतं त्या कप्प्यात, दोन पाइप घ्या. या पद्धतीला हर्बी म्हणतात. पहिला पाइप कायम पाण्याने भरलेला राहतो, त्यात हवा शिरत नाही आणि म्हणून गुळगुळ आवाजही येत नाही. त्याचा वेग खालच्या व्हॉल्व्हने जुळवायचा. दुसरा त्याहून उंच आणि आपत्कालीन. पहिल्यात गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा अडकला तर सगळं पाणी एकट्या दुसऱ्याने उतरलं पाहिजे, म्हणून त्यावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नका. दोन्ही पाइप दीड इंची ठेवा. जागा असेल तर तीन पाइपांची बीनॲनिमल पद्धत आणखी निर्धास्त.

पहिल्या पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात दोन-अडीच सेंमीच बुडवा. जास्त बुडवलं तर लाइट आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन, म्हणजे भरलेल्या पाइपाचं पाणी ओढणं, सुरू होत नाही आणि पाणी आपत्कालीन पाइपाकडे धावतं. त्या दुसऱ्या पाइपाचं टोक मात्र पाण्याच्या वर सोडा, म्हणजे तो जोरात वाहू लागला की आवाजानेच कळेल.

भोकं काच जोडण्याआधी पाडून घ्या. टफन केलेली काच ड्रिल लावताच फुटते, त्यामुळे तळाची काच कोणती आहे हे टाकी बनवणाऱ्याला स्पष्ट विचारा.

लाइट गेले की

पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी परतीच्या पाइपातून, म्हणजे पंप ज्यातून पाणी वर पाठवतो त्यातूनच, उलटं खाली येऊ लागतं. परतीच्या नळीचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी उतरतं. आपल्या टाकीचं क्षेत्रफळ 13,500 चौरस सेंमी, म्हणजे पातळी 1 सेंमी खाली आली की साडेतेरा लिटर पाणी संपमध्ये. तोंड 10 सेंमी बुडवलेलं असेल तर 135 लिटर, आणि ते थेट दिवाणखान्यात. म्हणून तोंड पृष्ठभागापासून 2 सेंमीवरच ठेवा. मग 27 लिटर, ओव्हरफ्लो बॉक्समधले 15-एक लिटर आणि पाइपातले दोन-तीन, असे 45 लिटर धरा. संपमध्ये 70 लिटरची जागा कायम मोकळी ठेवा. 120 × 50 च्या संपमध्ये ती 12 सेंमी होते, म्हणून आतल्या काचेच्या आडभिंती 25 सेंमीपेक्षा उंच करू नका.

प्लंबर इथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, सुचवेल. त्याच्या भरवशावर राहू नका. खाऱ्या पाण्यात झडपेवर कॅल्शियमचा थर बसतो आणि नेमक्या वेळी ती अर्धी उघडी राहते. तोंडाची उंची हाच खरा बंदोबस्त.

पाइप

संपमधून तासाला टाकीच्या साधारण चौपट पाणी फिरलं तरी पुरे, म्हणजे सुमारे 3,200 लिटर. त्याहून जास्त फिरवून गाळणीला फारसा फायदा होत नाही, आवाज आणि वीजबिल मात्र वाढतं.

आता इतक्या पाण्याला पाइप कोणता? पाइप बारीक केला की पाण्याचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की घर्षणाचा तोटा जवळपास चौपट होतो. पाऊण इंची पाइपातून 3,000 लिटर नेलं तर चार एल्बोच (कोपऱ्याचे जोड) पंपाला जवळजवळ आणखी एक मीटर उंचीचा भार देतात. सव्वा इंचीत तेच चार एल्बो 12-15 सेंमीत आटपतात. पंपाचं तोंड एक इंची असलं तरी तिथूनच पाइप सव्वा इंची करा. पंप आणि पाइपाच्या मध्ये थोडी लवचिक नळी टाका, म्हणजे थरथर स्टँडमधून खालच्या मजल्यावर पोहोचत नाही.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात यूपीव्हीसी मागाल तेव्हा माप नीट सांगा. शेती आणि प्रेशरचे पाइप मिलिमीटरमध्ये मिळतात, प्लंबिंगचे इंचात, आणि दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. पाइप, एल्बो, युनियन (आटे फिरवून सोडवता येणारा जोड), टँक कनेक्टर, सगळं एकाच मापपद्धतीचं घ्या. मिस्त्रींना सुरुवातीलाच बजावून ठेवा: "दादा, पितळ एकही नको." नळाच्या कामात आटे असले की पितळी इन्सर्टवाला एल्बो लावायची त्यांची सवय असते. नेहमीचा गेट व्हॉल्व्हही पितळीच येतो. पितळात तांबं असतं, आणि अगदी थोडं तांबंसुद्धा प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप गंजतो, तोही नको.

सगळं आधी कोरडं जोडून पाहा, प्रत्येक जोडावर मार्करने रेघ मारा, मगच सॉल्व्हंट सिमेंट लावा. पंपाच्या जोडावर युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह हवेतच, नाहीतर पंप साफ करायला करवत लागेल.

आता पंप

खोक्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. आपल्याकडे संपच्या पाण्यापासून टाकीच्या पाण्यापर्यंत साधारण 110 सेंमी आणि वर घर्षण, म्हणून दीड मीटर धरा. कंपनीच्या तक्त्यात दीड मीटरला 3,500 लिटर देणारा पंप शोधा. खोक्यावर त्याचा आकडा 5,000-6,000 असू शकतो. प्रवाह कमी करायचा तर बाहेर जाणाऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हने करा, आत येणारी बाजू कधीच आवळू नका. वेग बदलता येणारा डीसी पंप परवडत असेल तर तो घ्या. पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यात उतरते. गरजेपेक्षा 100 वॉट जास्त म्हणजे महिन्याला 72 युनिट, आणि एप्रिल-मेमध्ये तीच उष्णता काढायला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आणखी वीज खातो.

टाकीच्या आतला प्रवाह

हे काम परतीच्या पंपाचं नाही, वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीच्या आतच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाचं आहे. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या वीसपट, म्हणजे 16,000 लिटर, ही चांगली सुरुवात. तासाला आठ-आठ हजार लिटरचे दोन वेव्हमेकर दोन टोकांना, वरच्या अंगाला लावा आणि आलटून पालटून चालवा. एकाच दिशेचा सततचा झोत प्रवाळाच्या एका बाजूला झोडपत राहतो आणि दुसरी उपाशी ठेवतो. दगड मागच्या काचेपासून हातभर सोडता येणार नाहीत, पण 10 सेंमी तरी सोडा. लेदरला वर, प्रवाहात जागा द्या. मश्रूम खाली, आडोशाला. दोन-तीन आठवड्यांनी वाळूवर जिथे गाळ साचतो तिथे झोत वळवा.

घरातला इन्व्हर्टर परतीच्या पंपाला जोडू नका, एका वेव्हमेकरला जोडा. 15-20 वॉटमध्ये पाणी ढवळत राहतं आणि वीज नसताना मासे गुदमरत नाहीत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. सगळ्या वायरी प्लगच्या खाली लोंबत्या ठेवा, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जाणार नाही, आणि या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, लावाच.

पहिली चाचणी

सिमेंट 24 तास वाळू द्या. मग मीठ न घालता साधं नळाचं पाणी भरा. पंप चालू करून व्हॉल्व्ह असा जुळवा की आपत्कालीन पाइपातून जेमतेम धार येईल. आता मेन स्विच बंद करा आणि संपचं पाणी कुठे थांबतं तिथे काचेवर रेघ ओढा. पुन्हा चालू करा, मिनिटा-दोन मिनिटांत सायफन आपोआप धरला पाहिजे. नंतर पहिल्या पाइपाच्या तोंडावर हात ठेवून ते पूर्ण बंद करा आणि दुसरा एकटा सगळं पाणी नेतो का ते पाहा. रात्रभर जोडांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, बारीक गळती त्यावर लगेच दिसते. सगळं कोरडं निघालं की हे पाणी सोडून द्या आणि आरओ-डीआयचं, म्हणजे मेम्ब्रेन आणि रेझिनमधून गाळून शुद्ध केलेलं, पाणी भरून मीठ घाला. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर मेम्ब्रेन आणि रेझिन लवकर संपतील, तो खर्च धरून ठेवा. पुढे दर तीन महिन्यांनी पंप युनियनमधून सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घाला आणि परतीच्या नळीचं तोंड ब्रशने घासा.