ठिपके तेच, रांगोळी रोज नवी

कल्पकता वाढवायची असेल, तर कोऱ्या कागदासमोर बसून काहीतरी सुचण्याची वाट पाहण्यापेक्षा स्वतःवर एखादे बंधन घालून घेणे अधिक उपयोगी पडते, आणि त्यासाठी ठिपक्यांच्या रांगोळीइतके स्वस्त साधन क्वचितच सापडेल. वहीत ७ ते ४ मधले ठिपके मांडावेत, म्हणजे मधल्या ओळीत ७ आणि तिच्या वर व खाली ६, ५, ४. असे एकूण ३७ ठिपके होतात. ही मांडणी महिनाभर बदलू नये, रेषा मात्र रोज वेगळ्या जोडाव्यात. सुरुवातीला कमळ, चांदणी, पणती असे हातात बसलेले आकारच उतरतील, ते उतरू द्यावेत; तो साठा संपून कंटाळा येऊ लागला, की एखादा ठिपका मुद्दाम मोकळा सोडणे, सरळ रेषेऐवजी वळण घेणे किंवा सहापैकी एकच कोपरा वेगळा काढूनही तोल सांभाळणे, असे प्रयोग सुचू लागतात. मोबाईलवरचे तयार नमुने या काळात पाहू नयेत (रंगही शक्यतो टाळावेत, कारण त्यांच्याखाली कच्ची रचना झाकली जाते). चुकलेली रेषा खोडून न काढता पुढच्या आकारात सामावून घ्यावी आणि पानावर तारीख टाकावी.