काचेच्या भट्टीचं इंधन वाचवायचंय? आधी हवेकडे बघा

भट्टीचं इंधन वाचवायचं म्हटलं की पहिलं कोटेशन मागवलं जातं ऑक्सी-फ्युएलचं (हवेऐवजी ऑक्सिजनवर इंधन जाळणं) नाहीतर इलेक्ट्रिक बूस्टिंगचं (वितळत्या काचेत वीज सोडून ती तापवणं). ते वाईट नाही, पण रिजनरेटिव्ह भट्टी (बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने आत येणारी हवा तापवणारी) असेल तर आधी हवा ताब्यात घ्या, त्यात खर्च जवळजवळ नाही. जास्तीची हवा आत गेली की तिच्यातला नायट्रोजन फुकट तापतो आणि चिमणीतून निघून जातो.

धुरात उरलेला ऑक्सिजन मोजायचा तो रिजनरेटरच्या (ही उष्णता साठवणाऱ्या विटांच्या कोठीच्या) माथ्यावर, झिर्कोनिया प्रोबने (ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरने). चिमणीपाशी मोजून उपयोग नाही कारण वाटेत फटींतून शिरलेली गार हवा त्यात मिसळलेली असते आणि आकडा फसवतो. साधारण 1 ते 2 टक्के ठेवा, सोबत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) पण बघा, तो वाढला तर इंधन अर्धवट जळतंय आणि उरलेलं चेकरमध्ये (रिजनरेटरमधल्या विटांच्या जाळीत) जाऊन जळणार. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजा, दोन्हीकडे सारखंच असेल असं धरून चालू नका.

मग फटी. बर्नर ब्लॉकच्या (बर्नर बसवलेल्या विटेच्या) भोवती, पीपहोल (आत बघायचं भोक), डॉगहाऊस (कच्चा माल आत टाकायची जागा), सगळीकडे फिरा आणि बुजवा. काचेच्या लेव्हलला प्रेशर किंचित पॉझिटिव्ह हवं, निगेटिव्ह गेलं की गार हवा आत ओढली जाते, आणि फार वाढवलं तर ज्वाळा फटींतून बाहेर येऊन विटा खातात.

कलेट (भंगार काच) वाढवता आला तर उत्तमच, दर 10 टक्क्यांमागे एनर्जी साधारण अडीच-तीन टक्के कमी लागते. फक्त त्यात सिरॅमिकचे तुकडे येऊ देऊ नका, ते वितळत नाहीत आणि तसेच मालात उतरतात. बॅचमधलं (भट्टीत टाकायच्या कच्च्या मालाच्या मिश्रणातलं) पाणी पण बघा, 3-4 टक्क्यांच्या वर गेलं तर ती वाफ करायलाच इंधन जातं, अगदी कोरडी ठेवली तर धूळ उडून चेकरमध्ये बसते.

इन्सुलेशनला घाई नको! सिलिका क्राऊनचे (भट्टीच्या सिलिका विटांच्या छताचे) सांधे आधी नीट सील करा, नाहीतर अल्कलीची वाफ सांध्यात थिजते आणि आतल्या आत वीट पोखरते, वरून पत्ताही लागत नाही. मेटल लाईनच्या (वितळलेल्या काचेचा पृष्ठभाग भिंतीला लागतो तिथल्या) ब्लॉकला तर इन्सुलेशन लावूच नका, तिथे उलट कूलिंग एअर हवी.

चेकर चोंदलेत का ते खालून बघा, ज्या वाटेतून वरचा उजेड दिसत नाही ती सल्फेटने बंद झालीय, तेवढ्या साफ करून घ्या.