घरात सुटलेला पाळीव साप कसा शोधावा

सकाळी पेटीचे झाकण एका कोपऱ्यात जरासे उचललेले दिसते, आत साप नसतो आणि पोटात गोळा येतो. सोफे उलटे करावेत, कपाटे हलवावीत असे लगेच वाटू लागते. ते आधी आवरा. सुटलेला साप घर सोडून पळत सुटलेला नसतो. बहुतेक वेळा तो जवळच्याच एखाद्या अरुंद, अंधाऱ्या फटीत अंग चोरून बसलेला असतो आणि आदळआपट झाली की आणखी आत सरकतो. साप साप म्हणून भुई धोपटण्याने इथे नुकसानच होते.

पुढची सगळी पद्धत बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंगस्नेक अशा बिनविषारी पाळीव सापांसाठी आहे. समोर दिसलेला साप आपलाच आहे याची खात्री नसेल तर हात लावू नका. लांबून नजर ठेवा आणि जाणकार सर्पमित्राला बोलवा.

आधी पेटी रिकामी करा

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हा प्रकार सापांच्या बाबतीत फार होतो. पाण्याचे भांडे उचलून खाली बघा. लपण्याचे खोके उलटे करा, कारण काही साप त्याच्या आतल्या कडेला छतासारखे चिकटून बसतात. मागे लावलेला शोभेचा पत्रा सोडवा आणि तळातला भुसा मुठीमुठीने बाहेर काढा. ओंडक्याच्या पोकळीत बोट घालू नका, टॉर्च मारा.

पेटी खरोखर रिकामी निघाली तर तो कुठून गेला ते शोधा. कॉर्न स्नेकसारख्या सडपातळ सापाचे डोके जिथून जाते तिथून पाठोपाठ अंगही जाते. वायरसाठी ठेवलेले भोक आपल्याला क्षुल्लक वाटते, त्याला तो दरवाजा असतो. बॉल पायथनचे अंग डोक्यापेक्षा बरेच जाड, म्हणून त्याच्यासाठी सैल झाकण किंवा नीट न लागलेली सरकती काच हीच पहिली संशयित.

मग घर बांधून घ्या

पेटीच्या खोलीचे दार लावा आणि दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवा. खिडक्या, मोरीची जाळी, कमोडचे झाकण, एसीच्या पाइपभोवतीची जागा, सगळे बंद. मांजर-कुत्रे दुसरीकडे ठेवा. घरातल्या प्रत्येकाला सांगा आणि इमारतीत राहत असाल तर शेजाऱ्यांनाही. लाज वाटते हे खरे, पण त्यांनी घाबरून काठी उचलण्यापेक्षा ते परवडले.

आत नीट पाहिल्याशिवाय वॉशिंग मशीन, ओव्हन लावू नका. मागे कलणाऱ्या खुर्चीवर तर कुणाला बसूच देऊ नका, तिच्या सांध्यांत साप चिरडतो. उंदरांसाठी ठेवलेले चिकट सापळे उचला. साप त्यावर चिकटलेला सापडलाच तर ओढू नका. स्वयंपाकाचे तेल थोडे थोडे सोडत बोटाने हलके चोळत गेले की कातडी न सोलता तो सुटतो.

कुठे बघायचे

पेटीच्या पायथ्यापासून सुरुवात करा आणि भिंतीच्या कडेकडेने पुढे जा. मोकळी फरशी ओलांडायला साप नाखूष असतो, अंगाला काहीतरी टेकलेले असले की त्याला सुरक्षित वाटते. म्हणून ज्या जागी तो पिळून बसेल आणि सगळीकडून स्पर्श होईल, अशी जागा आधी बघा: पुस्तकांच्या मागची रिकामी पट्टी, बुटांची टोके, कपाटाखालची दोन बोटांची फट. ड्रॉवर नुसता उघडून भागत नाही. तो पूर्ण बाहेर काढा, कारण साप ड्रॉवरमध्ये नव्हे तर त्याच्या मागच्या पोकळीत असतो. सोफ्याच्या खालच्या पातळ कापडाला भोक दिसले तर मोबाइल आत धरून व्हिडिओ काढा.

नंतर ऊब शोधा. सापाला अंगची उष्णता नसते, तो ती बाहेरून घेतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर, राउटर, संगणक, गिझरच्या आसपासची जागा तपासा. फ्रिजच्या मागे हात घालण्याआधी प्लग काढा. साप कात टाकायच्या बेतात असेल, डोळे दुधाळ झाले असतील, तर न्हाणीघर आणि ओलसर कोपरे आधी बघा.

आणि वर बघायला विसरू नका. मोठा बॉल पायथन सहसा जमिनीलगत राहतो, पण कॉर्न स्नेक पट्टीचा चढणारा. माझा एकदा सुटला तेव्हा मी तीन दिवस गुडघ्यांवर रांगत होतो. चौथ्या रात्री खिडकीचा पडदा ओढला आणि तो एका बाजूला जड सरकला, जणू कापडात कुणी दोरीचे वेटोळे शिवले होते. पडद्याच्या वरच्या दुमडीत, दांडा ओवलेल्या जागेत तो पसरला होता. फक्त नारिंगी शेपटीचे टोक बाहेर होते, ते माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. त्या पडद्याखालून मी दिवसातून दहा वेळा गेलो असेन.

खरा शोध रात्रीचा

दिवसा सापडला नाही तर निराश होऊ नका. हे साप बहुतेक संध्याकाळनंतर हिंडतात, तुमची तयारी तोवर व्हायला हवी.

प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर आणि भिंतीलगत पिठाची चार बोटे रुंद पट्टी पसरा. वासाची पावडर नको, ती त्याच्या श्वासात जाते. सकाळी पट्टी वाचायची. कॉर्न स्नेकने ओलांडली असेल तर नागमोडी वळणे उमटतात, जाडजूड पायथन पोटावर सरळ सरकत गेला असेल तर एकच सपाट ओढ दिसते. कुठली पट्टी मोडली आणि कुठली शाबूत आहे, यावरून खोली ठरते. ती खोली कळली की अर्धे काम झाले.

त्याच वेळी प्रत्येक खोलीत भिंतीला चिकटून एक सापळा मांडा. झाकणाला भोक पाडलेले प्लास्टिकचे खोके घ्या. त्यात ओलसर कापड ठेवा आणि खाली थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर ऊब देणारी चटई, साधारण 30 ते 32 अंशांवर ठेवा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, साप भाजतो. शेजारी पाण्याचे भांडे हवेच. सुटलेल्या सापाला भुकेपेक्षा तहान आधी गाठते. वासासाठी खाद्याचा गोठवलेला उंदीर वितळवून वापरायचा असेल तर तो भोके पाडलेल्या बरणीत बंद ठेवा. उघडा ठेवला तर साप खाऊन निघून जाईल आणि पचेपर्यंत कुठेतरी गुडूप होईल.

मूळ पेटी जमिनीवर ठेवून तिचे दार उघडे आणि आतली ऊब चालू ठेवा. कधी कधी महाराज स्वतःच परत येऊन बसतात.

भिंतीलगत चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या अंथरा, पंखा-टीव्ही बंद करा, दिवे मालवा आणि तासभर नुसते बसा. लाल उजेडाचा टॉर्च हाताशी असू द्या, त्याने साप फारसा बिचकत नाही. चुरचुर ऐकू आली की लगेच धावू नका. दिशा पक्की होऊ द्या.

हाती लागल्यावर

शेपूट धरून ओढू नका. साप फटीत अंग फुगवून घट्ट बसतो आणि ओढाताणीत बरगड्या, मणका दुखावतात. फळी सोडवा, स्क्रू काढा, हवे तर फर्निचरचे कापड फाडा. मोकळा झाला की पोटाखाली मधोमध आधार देऊन उचला. फुसफुसत असेल तर अंगावर टॉवेल टाका, अंधार झाला की बरेच निवतात. उशीच्या अभ्र्यात सोडून गाठ मारली की तोवर पेटी नीट करायला उसंत मिळते.

ठेवण्याआधी अंग निरखा. ओरखडे, भाजल्याच्या खुणा, सुरकुतलेली कातडी दिसते का? श्वास घेताना शिटीसारखा आवाज किंवा तोंडाशी फेस असेल तर सरिसृपांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. बाकी ठीक असेल तर ऊब आणि पाणी द्या. दोन दिवस खाणे नको, हाताळणेही नको.

आणि आठवडा उलटला तरी शोध सोडू नका. मोठा निरोगी बॉल पायथन एरवीही कित्येक महिने जेवण नाकारतो. पिठाच्या पट्ट्या आणि पाण्याची भांडी जागेवर राहू द्या.

परत ठेवल्यावर पहिल्या रात्री पेटीजवळ थोडा वेळ बसा. ज्या फटीतून तो निघाला होता, त्याच कोपऱ्यात तो पुन्हा पुन्हा नाक घासेल. तुम्ही बसवलेली कडी भक्कम आहे का, हे तेव्हाच कळते.