थंड पाण्यातलं प्रवाळ: ड्रिल कुठे लावायचं आणि कुठे नाही

नवीन आलेल्या प्रत्येकाला मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) बसायची घाई असते. पण प्रवाळाच्या सांगाड्यातून जुन्या समुद्राचं रसायन काढायचं तर निम्म्याहून जास्त काम मशीनच्या आधी होतं, आणि बिघडतं तेही तिथेच. म्हणून मी मशीनबद्दल फारसं सांगणार नाही.

मालवणला स्नॉर्कलिंग करताना दिसतात ती प्रवाळं ही नव्हेत. त्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, त्यामुळे त्यांना ऊन लागतं. माझ्या टेबलावर असतं ते डेस्मोफायलम डायॅन्थस. ते काही शे मीटर ते दोनेक हजार मीटर खोल, काळोखात, एकेकटं वाढतं. आकार पेल्याचा, आत उभे पडदे, सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा. एक पेला शंभरेक वर्षं जगू शकतो. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या ड्रेक पॅसेजमधून अशी बरीच मेलेली प्रवाळं वर काढली गेली आहेत. त्यांच्यासोबत त्याच समुद्रातली थोडी जिवंत काढलेलीही लागतात. आजचं पाणी मोजता येतं, त्यामुळे सांगाड्यातला आकडा आणि पाणी यांची सांगड घालणारी पट्टी त्यांच्यावरूनच आखायची.

पेला निवडताना दिसायला देखणा नको, भिंत जाड हवी. कडा तुटलेल्या चालतील. भोकं पडलेला मात्र सरळ बाजूला ठेवा, किडे-स्पंज आतून पोखरतात आणि पोकळीत चिखल बसतो. कापण्याआधी फोटो, वजन, आणि निम्मा भाग राखून ठेवणं हे न विचारता करायचं.

मग साफसफाई. जुन्या पेल्यावर लोह-मँगनीजचा काळा थर असतो, डांबर फासल्यासारखा. डेंटिस्टच्या ड्रिलचं बारीक टोक, म्हणजे ‘बर’, लावून तो कमी वेगात खरवडायचा. घाई केली की काळी पूड पांढऱ्या भागात घासली जाते आणि पुन्हा निघत नाही. पडद्यांच्या खाचेत बर पोहोचत नसेल तर तो पडदाच तोडून घ्या. भिंगाखाली तपकिरी रेघ दिसली तर अजून झालं नाही असं समजा. त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात अल्ट्रासोनिक बाथ, पाणी बदलत. शेवटी पेरॉक्साइड आणि अगदी सौम्य पर्क्लोरिक आम्लात मिनिटभराची बुडी. पर्क्लोरिक फक्त त्याच्यासाठी बांधलेल्या फ्यूमहूडमध्येच (वाफ ओढून घेणारं कपाट) वापरायचं, याला अपवाद नाही.

एवढी मेहनत वयासाठी. सांगाड्यात युरेनियम दशलक्षात तीन-चार भाग असतं आणि त्यातून थोरियम-230 तयार होतं, ज्याचं अर्धायुष्य सुमारे 75,600 वर्षं आहे. चिखल आणि काळा थर स्वतःचं थोरियम घेऊन येतात आणि वय उगाच वाढवतात. थोरियम-232 सांगाड्यातल्या युरेनियमपासून बनत नाही, बाहेरच्या घाणीसोबतच येतं, म्हणून ते जास्त निघालं की पुन्हा सफाई. प्रवाळ वाढत असतानाचं युरेनियम-234 चं प्रमाण आजच्या समुद्राच्या, म्हणजे किरणोत्सारी समतोलापेक्षा दर हजारी 147 ने जास्त, याच्या आसपास येतंय का तेही बघा. बरंच लांब गेलं तर त्या वयावर मी तरी विश्वास ठेवत नाही. ढिगातून नेमके कुठले पेले मोजायचे हे ठरवायला आधी ढोबळ कार्बन-14 वय काढलं तर पैसे वाचतात. नंतर तोच कार्बन नीट मोजला की दुहेरी फायदा होतो. खरं वय युरेनियमने दिलेलं असतं, म्हणून तेव्हाच्या पाण्यात किती कार्बन-14 होता हे उलट गणिताने निघतं, आणि ते पाणी हवेपासून किती काळ तुटलेलं होतं तेही कळतं.

आता ड्रिल. प्रवाळ समुद्राचं पाणी आहे तसं लिहून ठेवत नाही, आधी त्यात स्वतःचा हात घालतं. भिंतीचा किंवा पडद्याचा पातळ काप खालून उजेड देऊन पाहा. मधोमध एक काळसर पट्टा दिसेल, तिथून वाढ सुरू होते. दोन्ही बाजूंना पारदर्शक तंतूंचा भाग असतो. पट्ट्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि ऑक्सिजन-कार्बनचे हलके समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे कमी वजनाचे अणू) जास्त असतात, तिथला आकडा प्राण्याबद्दल जास्त सांगतो आणि पाण्याबद्दल कमी. सगळं एकत्र दळून मोजणाऱ्यांशी माझं पटत नाही. तंतूंच्या भागातूनच भुकटी घ्या, आणि एकाच पेल्यातून दोन-तीन जागी घ्या, म्हणजे फरक किती येतो ते दिसतं.

तापमानासाठी लिथियम-मॅग्नेशियमचं गुणोत्तर बरं. अंशभर इकडेतिकडे होतं, पण प्राण्याची ढवळाढवळ त्यात बरीच कटते. बेरियम-कॅल्शियम पाण्यातल्या बेरियममागे जातं आणि बेरियम साधारण सिलिका या पोषकद्रव्यामागे, म्हणून पोषकद्रव्यांसाठी ते. पीएचसाठी बोरॉनचे समस्थानिक. इथे मात्र जपून, कारण थंड पाण्यातलं प्रवाळ सांगाडा बांधताना आतल्या द्रवाचा पीएच समुद्रापेक्षा 0.6 ते 0.8 ने वर नेतं. आकडा थेट वाचायचा नसतो, जिवंत नमुन्यांच्या पट्टीवरून खाली आणायचा असतो. याच वाटेने जेम्स रे आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ड्रेक पॅसेजच्या प्रवाळांवरून दाखवलं की हिमयुगात खोल दक्षिण महासागराने कार्बन डायऑक्साइड धरून ठेवला होता आणि हिमयुग सरताना तो बाहेर सोडला.

बोरॉन मोजणाऱ्यांसाठी आणखी एक. बोरोसिलिकेट, म्हणजे बोरॉन असलेल्या काचेचं भांडं नमुन्यांच्या खोलीत नकोच, सगळं टेफ्लॉनचं. हवेतूनही बोरॉन येतं, कारण क्लीन-रूमच्या (धूळ गाळलेल्या हवेची खोली) नेहमीच्या फिल्टरमध्ये बोरॉनवाल्या काचेचे धागे असतात. नमुना उघडण्याआधी छतात कुठला फिल्टर बसवलाय ते विचारून घ्या, आणि दर खेपेला एक रिकामी बाटली उघडी ठेवून तिचंही बोरॉन मोजा.