गोव्याच्या घाटांत दगडफुले ओळखताना या चुका टाळा

गोव्याच्या डोंगरांत शैवाके, म्हणजे आपल्या बोलण्यातील दगडफुले, ओळखायला निघालेल्या माणसाची पहिली चूक बहुधा घरीच, पुस्तक निवडताना होते. हिमालय किंवा युरोप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत झाडांवरून लोंबणाऱ्या लांब दाढ्या आणि खडकांवरील पिवळे-काळे नकाशे भरलेले असतात. गोव्यातील सर्वांत उंच सोसोगड मात्र सुमारे १,१६६ मीटरचा आहे, आणि चोर्ला, मोले, नेत्रावळी या साऱ्या पट्ट्यात झाडाच्या सालीला रंगाच्या पोपड्याप्रमाणे घट्ट चिकटून राहणाऱ्या शैवाकांचेच राज्य आहे. दाढी शोधत फिरणाऱ्याला मग ओल्या फांदीवरून लोंबणारी प्रत्येक हरिता (मॉस) ही उस्निया, म्हणजे दाढीसारखे शैवाकच, वाटू लागते. शंका आल्यास एक फाटा हलकेच ताणून पाहावा. उस्नियाची वरची साल तडकते आणि आत पांढरी, किंचित लवचीक दोरी दिसते. हरितेत अशी दोरी नसते.

दुसरी चूक नारिंगी रंगाची आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर घाटातील कड्यांवर, जांभ्याच्या भिंतींवर आणि कुळागरातील माडांच्या खोडांवर जी गंजासारखी नारिंगी मखमल पसरते, तिला अनेक जण शैवाक म्हणून नोंदवतात. ते ट्रेंटेपोहलिया नावाचे शैवल असते. वर्गीकरणाने ते हरित शैवलांतच मोडते, पण कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे त्याचा हिरवेपणा झाकला जातो. शैवाक म्हणजे कवक (बुरशी) आणि शैवल यांचे सहजीवन. येथे कवक नसते. दहापट भिंगातून पाहिल्यास फक्त मऊ केसांची लव दिसते, तिला ना कवच असते ना बीजुके (कवकाचे सूक्ष्म बीजाणू) धारण करणाऱ्या चकत्या. गंमत अशी की, हेच शैवल आपल्याकडील कितीतरी खऱ्या शैवाकांच्या आत भागीदार म्हणून राहते, आणि अशा शैवाकाचा थर नखाने खरवडला की आत पिवळसर-नारिंगी छटा दिसते.

पाण्याने होणारी फसगत मी स्वतः भोगली आहे. जुलैमध्ये चोर्ला घाटात एका खोडावरील पानासारख्या, हिरव्यागार शैवाकाची नोंद मी वहीत केली. जानेवारीत त्याच खोडापाशी पुन्हा गेलो, तेव्हा तेथे राखाडी रंगाचे शैवाक होते आणि मी ते वेगळे समजून दुसऱ्यांदा नोंदले. दोन्ही एकच होते. शैवाक भिजले की त्याची वरची साल पारदर्शक होते आणि खालच्या शैवलाचा हिरवा रंग वर येतो. सुकले की तीच साल पुन्हा अपारदर्शक होऊन राखाडी दिसते. लेप्टोजियमसारख्या प्रकारांत तर सुके असताना कागदासारखा असलेला निळसर-राखाडी पापुद्रा पावसात फुगून जेलीसारखा होतो. त्यामुळे पुस्तकातील रंगाशी तुलना नेहमी सुक्या अवस्थेत करावी आणि छायाचित्राखाली ओले की सुके हे न विसरता लिहावे.

आंबा आणि माड यांच्या खोडांवर शेजारी शेजारी वाढणारी डिरिनारिया आणि पायक्सिने ही जोडी वरून पाहता सारखीच राखाडी, चकतीसारखी आणि सालीला चिकटलेली असते. येथे खालची बाजू पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. पायक्सिनेला खालून काळे, मुळांसारखे धागे असतात. डिरिनारियाला ते नसतात. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली पायक्सिने कोकोएस पिवळे चमकते, डिरिनारिया अ‍ॅप्लॅनाटाची वरची साल मात्र तशी चमकत नाही.

शैवाकावर रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का हे पाहण्याच्या चाचण्यांची पद्धत फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये रूढ केली, आणि ती आजही उपयोगी आहे. मात्र चाचणीला रंग आला नाही, म्हणजे आपण शोधत असलेले द्रव्य शैवाकात नाही, हा निष्कर्ष फार घाईचा ठरतो. सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच आपल्याकडील उष्म्यात लवकर निकामी होते, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण उघडे राहिल्यास हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कमजोर पडते. आणखी एक दोष हाताचा असतो: थेंब वरच्या सालीवर टाकला जातो, तर अनेकदा चाचणी आतील पांढऱ्या गाभ्याची करायची असते. पात्याने साल किंचित खरवडावी, थेंब अगदी लहान घ्यावा आणि भिंग आधीच डोळ्याला लावून ठेवावे, कारण ब्लीचचा लाल रंग कधी कधी क्षणभरच टिकतो.

सरावासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील दगडफुलाची पुडी उत्तम, कारण तिच्यात बहुधा अनेक जाती मिसळलेल्या असतात. मोठे पान उलटे करावे: मध्यभाग काळा आणि कडेची पट्टी तपकिरी असेल, तर ते पार्मोट्रेमा असण्याची शक्यता मोठी. वरच्या बाजूस बारीक बोंडांसारखे उंचवटे असतील, कडेला पापण्यांसारखे केस नसतील आणि गाभा ब्लीचने लालभडक झाला, तर पार्मोट्रेमा टिंक्टोरम म्हणायला हरकत नाही. केस असतील, कडेशी पिठूळ भुकटी असेल आणि ब्लीचने काहीच घडले नाही, तर पार्मोट्रेमा पर्लाटमचा विचार करावा. चाचणी केलेला तुकडा मसाल्याच्या डब्यात परत जाऊ देऊ नये, हे सांगायला नको.

ग्राफिसच्या बाबतीत मात्र हव्यास आवरावा. सालीवर कोणी मोडीत ओळी खरडल्यासारख्या त्याच्या काळ्या रेघा पाहून वंशाचा अंदाज बांधता येतो, पण जात ठरवायला रेघेचा छेद आणि आतील बीजुके सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. छायाचित्रावरून दिलेले जातीचे नाव येथे निव्वळ अंदाज असतो.

अभयारण्यातून नमुना घ्यायचा असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी चढते. तो कागदाच्या पुडीत घालून सावलीत वाळवावा. पुडीवर तारीख आणि ठिकाणासोबत झाडाचे नाव, जमिनीपासूनची उंची आणि ऊन की सावली हेही तिथेच, झाडासमोर उभे राहून लिहावे. संध्याकाळी घरी आल्यावर दहा पुड्यांपैकी कोणती काजूवरची आणि कोणती किंदळावरची, हे आठवत नाही.