फ्रेंच कथांमधला शत्रूच्या ताब्यातला गाव: मोपासां वाचायचा कसा

सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवा. कथेत जर्मन सैनिक दिसले की आपल्या डोक्यात लगेच हिटलर येतो, पण फ्रेंच कथाकार मोपासांच्या ह्या कथा त्याच्या ७० वर्षं आधीच्या, १८७०-७१ च्या युद्धाच्या, म्हणजे आलेत ते प्रशियन (प्रशिया म्हणजे तेव्हाचं एक मोठं जर्मन राज्य). मोपासां तेव्हा २० वर्षांचा होता आणि स्वतः सैन्यात होता. एवढं पुरे, इतिहास वाचत बसलात तर कथा राहतील.

सुरुवात 'बूल द स्वीफ'ने करू नका. मी केली होती, आणि सुरुवातीला हरलेल्या फौजेचं वर्णन इतकं लांबलं की पुस्तक मिटून ठेवलं. आधी 'दोन मित्र' घ्या, जेमतेम चार-पाच पानं. पॅरिसला वेढा पडलाय, लोक उपाशी, आणि एक घड्याळजी नि त्याचा मासेमारीतला जुना दोस्त जरा जास्त पिऊन झाल्यावर गळ घेऊन थेट शत्रूच्या नाकासमोर नदीवर जाऊन बसतात. पकडले जातात, परवलीचा शब्द सांगत नाहीत. मरायच्या क्षणीसुद्धा एकमेकांना 'मिस्यू सोव्हाज', 'मिस्यू मोरिसो' असं अहोजाहोच. नंतर तो अधिकारी त्यांनीच पकडलेले मासे तळायला देतो, मासे जिवंत आहेत तोवर! इथे पुस्तक ठेवा, चहा घ्या, लगेच पुढची कथा नको.

मग 'बूल द स्वीफ' (१८८०), आणि ही वाचताना पेन्सिल हातात ठेवा नि फक्त खाणं टिपत जा: कोण खातंय, कोणाचं, कोण देतंय. रूआंहून निघालेल्या घोडागाडीत दहा जण, त्यात एक वेश्या, तिच्याकडेच टोपली, त्यात दोन अख्ख्या कोंबड्या, पातेय (मांसाचं वाटण), वाइनच्या चार बाटल्या. तिला नाकं मुरडणारी सगळी प्रतिष्ठित मंडळी ते चाटूनपुसून संपवतात. पुढे मुक्कामाच्या खानावळीत प्रशियन अधिकारी काय मागतो आणि हेच लोक तिला कसं पटवतात (देशभक्ती, धर्म, सगळं वापरून, नन्ससुद्धा) ते तुम्हीच वाचा. परत निघताना टोपली भरायला तिला वेळ मिळालेला नसतो आणि आता बाकीचे आपापले डबे उघडतात. कोणीच विचारत नाही. लोकशाहीवाला कोर्नुदे उकडलेली अंडी खातो, दाढीत पिवळ्याचे कण अडकतात. मला प्रशियनापेक्षा त्या दाढीचाच जास्त राग आला.

तिसरी 'मदर सोव्हाज'. एका म्हातारीच्या घरात राहिलेले चार प्रशियन सैनिक, पोरंच ती, तिला लाकडं फोडून देतात, भांडी-फरशी करतात, चांगलेच आहेत, म्हणून शेवट जड जातो. सांगत नाही.

मग दुसरा फ्रेंच लेखक, दोदे. त्याची 'शेवटचा धडा' (१८७३) सीबीएसईवाल्यांनी बारावीत इंग्रजीत वाचली असेल. पुन्हा वाचा, पण जरा सावधपणे, कारण कथा घडते त्या अल्सेसमध्ये (ह्याच युद्धानंतर जर्मनीकडे गेलेला फ्रेंच प्रांत) बहुतेकांच्या घरात जर्मन वळणाचीच बोली होती आणि ते दोदे सोयीस्करपणे गाळतो.

व्हेर्कोर ह्या फ्रेंच लेखकाची 'समुद्राचं मौन' सगळ्यात शेवटी, कारण ती खरंच हिटलरच्या काळातली, १९४२ ला पॅरिसमध्ये लपूनछपून छापलेली. घरात राहणारा जर्मन अधिकारी रोज संध्याकाळी बोलतो, काका-पुतणी उत्तरच देत नाहीत. ही एका बैठकीत वाचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

फ्रेंच येत नसेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या वेबसाइटवर मोपासांच्या कथांचा इंग्रजी पहिला खंड फुकट आहे, त्यात 'दोन मित्र' आणि 'बूल द स्वीफ' दोन्ही मिळतील.